गोगलगायीची पंधरा मिनिटं

माझं तोंड वाकडं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला चोरून बघायला नको. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरायला गेले आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून ओघळून थेट अंगावर. चेहऱ्याचा लकवा आहे म्हणाले, दोन महिन्यांत जाईल म्हणाले. गेला, पण भाडेकरू जावा तसा, अर्धं सामान मागे ठेवून. डावी भुवई उचलत नाही, डावा डोळा पुरता मिटत नाही, आणि हसले की सगळं हसू उजवीकडे पळतं. त्यात आमचा धंदा फोटो स्टुडिओचा. दिवसभर लोकांना 'जरा हसा' म्हणायचं आणि आपण हसायचं अर्धंच. आमचे हे म्हणतात, गिऱ्हाईक तुला बघून दचकून सरळ बसतं, म्हणून तर आपले फोटो चांगले येतात.

पण कशाचा कुठे उपयोग होईल सांगता येत नाही. या वाकड्या तोंडाच्या जोरावर मी नऊ वर्षं मोठ्या इस्पितळात परीक्षेची पेशंट आहे. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या शेवटच्या परीक्षेला खरेखुरे पेशंट लागतात. आजार जुना हवा, ठरलेला हवा आणि माणूस दिवसभर एका जागी बसणारा हवा. एका लांब खोलीत पडदे लावून आम्हाला खाटांवर मांडतात. मी सातव्या नसेची. पलीकडच्या पडद्यामागे यकृतवाले काका. एरवी आम्हाला कुत्रं विचारत नाही, पण त्या दिवशी आमचा थाट जावयासारखा असतो.

सातवी नस म्हणजे काय ते सांगते, डॉक्टरांपेक्षा सोपं करून. मेंदूतून थेट डोक्यात, चेहऱ्यात, गळ्यात उतरणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. पहिली वासाची. दुसरी नजरेची. तिसरी, चौथी आणि सहावी मिळून बुबुळं फिरवतात. पाचवी चेहऱ्याला काय लागलं ते मेंदूला कळवते, सातवी चेहरा हलवते, आठवी ऐकते. मग गळा, आवाज, खांदे, आणि शेवटी बारावी, जिभेची. ही माझी सर्वांत तगडी. परीक्षेला आलेल्या मुलाने पंधरा मिनिटांत बाराच्या बारा तपासायच्या आणि कुठली बिघडली ते सांगायचं. घंटा झाली की हात खाली. परीक्षक म्हणजे आमचे घड्याळसर. खरं नाव वेगळं आहे, पण हातात कायम ते सेकंद मोजायचं घड्याळ, आणि माणूसही तसाच, चावी दिल्यासारखा.

आता एक कबुली देते. मी फितूर आहे. जो मुलगा किंवा मुलगी हात चोळून ऊबदार करते आणि 'मावशी, हात लावू का?' म्हणून विचारते, त्यांना माझी उजवी भुवई मदत करते. गाडी भलत्याच नसेकडे निघाली की भुवई वर. सातवीवर आली की खाली. सरांना नऊ वर्षांत पत्ता लागला नव्हता.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. हात ऊबदार होते, विचारलंही होतं, सगळं रीतसर. पण काय तिचा वेग! बोट धरून माझी बुबुळं फिरवली ती एखादी बाई दुकानात रेशमाचा रंग जुळवून बघते तशी. मी भुवई उडवून उडवून दमले, तिने बघितलंसुद्धा नाही. सहाव्या नसेपर्यंत आली आणि घंटा झाली. तोंड वाकडं आहे हे दारातून दिसतं, तरी त्याच्याबद्दल बोलायची तिची पाळीच आली नाही. बाहेर मुलं तिला गोगलगाय म्हणत होती. सरांनी कागदावर आडवी रेघ मारली. माझ्या खाटेवर एक पोरगी नापास झाली, याची टोचणी मला बरेच दिवस लागून राहिली.

मग यंदा महिन्यापूर्वी ती आमच्या स्टुडिओत आली. पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायला फोटो हवा होता. तिने मला ओळखलं. खुर्चीत बसवून मी म्हटलं, "फॉर्मच्या फोटोत हसायचं नसतं."

"मी तशीही हसणार नव्हते, मावशी," ती म्हणाली. "ही तिसरी खेप. तीनच देतात. यंदा नाही झालं तर सहा वर्षांचं शिक्षण पाण्यात."

"मग जरा हात चालव की, बाई."

"घाईत बघितलं की मला दिसतच नाही. बाकीच्यांना कसं दिसतं कळत नाही."

मी फोटो काढला आणि मनाशी ठरवलं, यंदा हिला पास करायचं. तिच्या हातात वेग नाही ना, मग तो मी देईन. प्रश्न यायच्या आत उत्तर. नऊ वर्षांचा अनुभव काय लोणचं घालायला ठेवायचा?

परीक्षेच्या दिवशी सकाळी सरांनी रीतीप्रमाणे आम्हा पेशंटांना एकदा पाहून घेतलं. "डोळे मिटा. दात दाखवा. गाल फुगवा." मी फुगवला, उजवा फुगला, डाव्यातून हवा फुस्स. "आहे तसंच आहे," म्हणून ते पुढे गेले. मग मुलं सुरू झाली. एकामागून एक अकरा जण आले. अकराही जणांनी सातवी ओळखली, त्यातल्या चौघांना माझ्या भुवईचा टेकू होता. माझं लक्ष मात्र पडद्याकडे. बारावी ती आली. पांढरा कोट, खिशात बाटल्या खुळखुळतायत आणि चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. सर खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं.

"मावशी, हात लावू का?"

"लाव लाव, लवकर लाव."

बहुतेक मुलं पहिल्या नसेला 'वास येतो ना?' एवढं विचारून सोडून देतात. हिने खिशातून कागद गुंडाळलेली बाटली काढली. झाकण फिरायच्या आत मी म्हटलं, "कॉफी."

"अजून उघडली नाही मी."

"दरवेळी कॉफीच असते."

"डोळे मिटा. आणि मी नाकाशी धरल्यावरच बोला." निघालं लवंगेचं तेल. माझी जरा फजिती झाली, पण वाया गेली वीसच सेकंदं. नजर तपासताना मी तिची बोटं हलायच्या आत हललं म्हणून सांगत होते. बुबुळं तिच्या बोटाच्या पुढे पळवली. ती दरवेळी थांबायची, मान हलवायची आणि तेच पुन्हा करायची. म्हणजे मी जेवढं वाचवायचे तेवढं ती उधळून टाकत होती. सहा मिनिटं गेली आणि आता पाचवी.

पाचवीला कापूस लागतो. कपाळ, गाल, हनुवटी, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डोळे मिटायचे आणि कापूस लागला की 'हो' म्हणायचं. नऊ वर्षं मुलं याच क्रमाने आणि याच ठेक्यात कापूस टेकवत आलीत. मी डोळे मिटले आणि ठेका धरला. "हो. हो. हो. हो. हो. हो." सहाच्या सहा उरकले. मनात म्हटलं, घे, आता पळ पुढे.

पुढे काहीच झालं नाही. मी डोळे उघडले तर तिचा हात हवेत तसाच.

"मावशी, उजवीकडचे तीन बरोबर आले," ती हळूच म्हणाली. "डावीकडे मी हात लावलाच नव्हता."

मी घाईघाईने डोळे पुन्हा मिटून घेतले.

"पुन्हा करू. आता मी कधीही लावीन, कुठेही लावीन. लागलं तर बोला, नाही लागलं तर गप्प बसा."

गप्प बसणं हा माझा प्रांत नव्हे, पण बसले. उजव्या कपाळाला लागलं. हो. मग बराच वेळ काही नाही. उजवी हनुवटी. हो. पुन्हा कितीतरी वेळ काही नाही. सरांचं घड्याळ टिकटिकत होतं आणि मला वाटलं, ही पोरगी उभ्या उभ्या झोपली की काय. शेवटी न राहवून डोळे उघडले. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याशी होता आणि कापूस माझ्या डाव्या गालावर टेकलेला होता. खाली बघितलं तर मला तो दिसत होता. लागत मात्र नव्हता.

आमचे हे गेले काही महिने जेवताना स्वतःच्या गालाला बोट लावून मला खुणा करायचे, तुझ्या गालाला शीत चिकटलंय म्हणून. मला वाटायचं, चेष्टा करतायत, म्हातारपणी थेरं सुचतायत. आणि मी त्यांच्यावर डाफरायचे.

"वर बघा, मावशी. डावीकडे वर. हलू नका." तिने कापसाला पीळ देऊन बारीक टोक काढलं आणि बाजूने आणून आधी उजव्या बुबुळाच्या कडेला हळूच टेकवलं. उजवी पापणी फटकन मिटली. मग मला उजवीकडे वर बघायला सांगून डाव्या बुबुळाला टेकवलं. ती माझ्या डाव्या डोळ्याकडे बघतच नव्हती. ती टक लावून बघत होती उजव्याकडे. एकदा, दोनदा, तीनदा तिने तेच केलं.

"नऊ मिनिटं झाली," सर म्हणाले.

त्यानंतर सातवी तिने नीट केली. माझी भुवई खाली होती, म्हणजे आता हेच, इथेच थांब आणि बोल. ती थांबली नाही. आठवीवर आली आणि माझ्या कानांशी बोटं चोळायला लागली. उजवीकडे खसखस ऐकू आली. डावीकडे तिने सुरू केलं की नाही तेच मला कळेना. मग तो आपटला की गुणगुणणारा लोखंडी चिमटा काढला. उजवीकडे भुंगा, डावीकडे सामसूम. डाव्या बाजूच्या गिऱ्हाइकाला मी ऐकून न ऐकल्यासारखं करते म्हणून घरी किती भांडणं झाली होती. मी फोन कधीपासून उजव्याच कानाला लावते, हेही तेव्हा लक्षात आलं.

आणि घंटा झाली.

"हात खाली," सर म्हणाले. "किती झाल्या?"

"आठ, सर."

"म्हणजे चार राहिल्या. अपुरी तपासणी. गेल्या वर्षीही हेच झालं होतं."

"हो, सर."

मला रडू यायला लागलं होतं. मी म्हटलं, "सर, मी इथेच आहे की. गळा, खांदे, जीभ, दोन मिनिटांचं काम. घ्या उरकून."

"घंटा झाली, बाई." पण माणूस अगदीच दगड नव्हता. त्यांनी पेन टेकवायच्या आधी विचारलं, "निदान सांगा. फाइलीत जे आहे ते सांगितलंत तरी काही गुण पदरात टाकता येतील."

मी उजवी भुवई अशी काही खाली दाबली की डोळा मिटतो की काय. सातवी म्हण, बाई. डावी सातवी, जुनी, एवढे तीन शब्द बोल आणि सुट. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, भुवई सोडा. मला गेल्या वर्षीही दिसत होती."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की नऊ वर्षांची पुण्याई त्याच क्षणी धुऊन गेली.

"सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज थरथरत होता पण थांबत नव्हता, "डावी सातवी जुनी आहे. पण डावी पाचवीसुद्धा गेलीय. आणि आठवी. तिन्ही एकाच बाजूच्या, आणि मेंदूजवळ तिन्हींच्या वाटा शेजारून जातात. तिथे काहीतरी वाढतंय."

"नऊ वर्षं ओळखतो मी या पेशंटला. सकाळी स्वतः पाहिलंय. अकरा जणांनी लिहिलंय, पाचवी ठीक."

"सर, मावशी सवयीने हो म्हणतात."

आता बोलणं मला भाग होतं. बोलले तर पुढच्या वर्षीपासून ती खाट गेली, तो थाट गेला. "खरं आहे, सर," मी म्हटलं. "मी खुणा पण करते आणि हो पण सवयीनेच म्हणते. त्या अकरा जणांना मी कापूस लागायच्या आधीच उत्तरं दिलीत. माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नका."

"तोंडाला विचारायचंच नाही, सर," ती म्हणाली. "डोळ्याला विचारा."

सरांनी कापूस घेतला. त्याला पीळ देताना ते बोलू लागले. तिला की मला की स्वतःला, कुणास ठाऊक. बुबुळाला काही लागलं की ती खबर आत नेते पाचवी, आणि मग दोन्ही डोळ्यांच्या पापण्या पाडते सातवी. म्हणजे शटरसारखंच की, हे मला चटकन कळलं, तोच माझा धंदा. माझं डावं शटर बारा वर्षं अडकलेलं आहे, ते पडणार नाहीच. पण उजवं ठणठणीत आहे. डाव्या डोळ्याला कापूस लागला आणि खबर आत पोचली, तर निदान उजवी पापणी पडलीच पाहिजे.

त्यांनी माझ्या डाव्या बुबुळाला कापूस टेकवला. उजवी पापणी हलली नाही. त्यांनी जागा बदलून पुन्हा टेकवला. नाही हलली. पलीकडे यकृतवाले काका खोकले, तेवढाच काय तो आवाज. मग सरांनी माझ्या डाव्या कानाशी स्वतःचं घड्याळ धरलं.

"ऐकू येतंय?"

"चालू आहे का?" मी विचारलं.

सर खाटेच्या कडेवर बसले. नऊ वर्षांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. शिपायाला त्यांनी सांगितलं, आता घंटा वाजवू नकोस, आणि मला तिथूनच चाकाच्या खुर्चीत घालून तपासणीच्या यंत्राकडे पाठवलं. गोगलगाय माझ्याबरोबर चालत होती. मी तिला म्हणत होते, तू जा, सरांच्या मागे लाग, तुझ्या कागदाचं काय ते बघ. ती म्हणाली, "आधी हे." त्या पांढऱ्या नळकांड्यात माझ्या डोक्याभोवती अर्धा तास ठोकाठोक चालली होती. आत पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच विचार होता, बारातल्या आठ, बारातल्या आठ. आणि खरं सांगते, त्या विचाराच्या आडोशाला मला बरं वाटत होतं. कारण त्याच्यामागे दुसरा विचार उभा होता आणि त्याच्याकडे बघायची माझी छाती नव्हती.

दुपारी उशिरा बाहेरच्या बाकावर मी आणि धावतपळत आलेले आमचे हे बसलो होतो. त्यांनी स्टुडिओचं कुलूप लावलं की नाही, हेसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. सर आले. मागून ती आली. सरांच्या एका हातात फिल्म होती आणि दुसऱ्या हातात परीक्षेचा कागद.

"तुम्ही सांगा," सर तिला म्हणाले. "पेशंट तुमची आहे."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली, माझ्या डोळ्यांच्या उंचीला. "मावशी, डाव्या कानाच्या आत, मेंदूच्या बाजूला एक गाठ आहे. मोठ्या द्राक्षाएवढी. अशा गाठी बहुतेक वेळा साध्या असतात. हळूहळू वाढतात, पसरत नाहीत. ऑपरेशनने काढता येते. डावा कान परत येईल असं मी सांगणार नाही. पण अजून दोन-तीन वर्षं गेली असती, तर ती मेंदूवर दाबायला लागली असती."

आमच्या ह्यांनी माझं मनगट पकडलं. मी सरांकडे बघितलं.

"ही पास झाली का?"

"बाई, तुमच्या डोक्यात गाठ आहे, आणि तुम्हाला हिच्या निकालाची पडलीय?"

"आधी तिचं सांगा. म्हणजे मग मला नीट घाबरता येईल."

सरांनी कागद गुडघ्यावर ठेवला. पेन काढलं, टोपण काढलं. "नियम बाराचा आहे," ते म्हणाले. "हिने आठ तपासल्या. आणि सकाळी मी एक तपासली होती." त्यांनी काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. "पास."

मग मी घाबरले. ह्यांचा हात घट्ट धरून रडायला लागले. तोंडातून शब्द फुटेना, हे आमच्या ह्यांना इतकं नवं होतं की तेही रडायला लागले. गोगलगायीने कागद न वाचताच घडी करून खिशात टाकला. ती माझ्या उजव्या बाजूला, मला ऐकू येईल अशी बाकावर बसली आणि ऑपरेशनचं पहिल्यापासून सांगायला लागली. मी एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारली. तिने तीन-तीनदा सांगितली, आणि तिला कुठेही जायची घाई नव्हती.